कोरियांतील इंग्रजीचा वर्ग

दक्षिण कोरियांत दर वर्षीं नोव्हेंबर महिन्यांतील एका गुरुवारीं दुपारीं १ वाजून ५ मिनिटांपासून १ वाजून ४० मिनिटांपर्यंत एकहि विमान जमिनीवरून उडत नाहीं आणि एकहि उतरत नाहीं. जीं आकाशांत असतात तीं उंचावरच घिरट्या घालीत राहतात. युद्धाचा प्रसंग नसतो, वादळहि नसतें. त्या वेळीं देशांतील लक्षावधि मुलें विश्वविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेंतील इंग्रजी श्रवणाचा भाग देत असतात, आणि विमानाच्या घरघरीनें कोणाचा एखादा शब्द निसटूं नये एवढ्यासाठीं हा सारा बंदोबस्त असतो. त्या दिवशीं सकाळीं रस्त्यांवर गर्दी होऊं नये म्हणून कचेऱ्या उशिरां उघडतात, आणि वाटेंत अडकलेल्या परीक्षार्थ्यास पोलिस आपल्या गाडींतून केंद्रावर पोंचवितात.

श्रोतेहो, परकी भाषा नीट ऐकूं यावी म्हणून जें राष्ट्र घटकाभर आपलें आकाश रिकामें करतें, त्या राष्ट्राच्या मुलांना ती भाषा बोलतांहि उत्तम येत असेल असें कोणासहि वाटेल. वर्गांत उभ्या राहणाऱ्या शिक्षकाचा अनुभव मात्र निराळा असतो. व्याकरणाच्या अवघड प्रश्नांचीं उत्तरें बिनचूक लिहिणारा मुलगा, “काल सायंकाळीं काय केलेंस?” एवढेंच इंग्रजींत विचारलें तर खालीं पाहतो आणि गप्प बसतो. हें मौन अज्ञानाचें नव्हे. आळसाचें तर नव्हेच. त्याचीं कारणें त्या मुलाच्या स्वतःच्या भाषेंत, त्याच्या घरच्या रीतींत आणि त्या परीक्षेंत आहेत. जो शिक्षक इंग्रजी शिकविण्यापूर्वीं कोरियन भाषेकडे कान देत नाहीं, त्याला तीं कधींच सांपडत नाहींत.

कोरियांत इंग्रजीचें शिक्षण फार जुनें नाहीं. १८८२ सालीं अमेरिकेशीं तह झाला आणि दरबाराला दुभाष्यांची निकड भासूं लागली. पुढच्याच वर्षीं सेऊल येथें दुभाषे तयार करण्याची एक लहानशी शाळा निघाली. १८८६ सालीं, म्हणजे पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल निघाल्यावर सहा वर्षांनीं, राजा गोजोंग यानें ‘युग्योंग गोंगवोन’ नांवाची सरकारी शाळा उघडली आणि तिच्यासाठीं अमेरिकेहून होमर हल्बर्ट, जॉर्ज गिलमोर व डालझेल बंकर असे तीन तरुण शिक्षक आणविले. तेथें शिकावयास सरदारघराण्यांतले मुलगे व तरुण अधिकारी बसत. ही शाळा १८९४ सालीं बंद पडली. मिशनऱ्यांच्या शाळा मात्र टिकल्या. हेन्री अ‍ॅपेंझेलर यानें १८८५ सालीं काढलेल्या बेजे शाळेंत इंग्रजी शिकावयास आलेला सिंग्मन री पुढें १८४८ नव्हे, १९४८ सालीं, म्हणजे पन्नासांहून अधिक वर्षांनंतर, त्या देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. आणि मेरी स्क्रँटन या बाईंनीं १८८६ सालीं एका मुलीवर सुरू केलेल्या इह्वा शाळेचें आज स्त्रियांचें एक मोठें विश्वविद्यालय झालें आहे.

या तीन अमेरिकन शिक्षकांपैकीं हल्बर्ट याचें उदाहरण विसरण्यासारखें नाहीं. तो आला इंग्रजी शिकवावयास. पण आल्याबरोबर त्यानें विद्यार्थ्यांची लिपि शिकून घेतली, आणि थोड्याच वर्षांत जगाच्या भूगोलाचें एक पाठ्यपुस्तक कोरियन भाषेंत, संपूर्णपणें हांगुल लिपींत लिहिलें. त्या काळीं तेथील पंडित चिनी अक्षरांतच लिहीत आणि हांगुल ही बायकामुलांची लिपि मानीत. एका परक्या शिक्षकानें तिची योग्यता ओळखावी हें कौतुकाचें खरें. १९०७ सालीं जपानच्या पाशांत सांपडलेल्या कोरियाचें गाऱ्हाणें घेऊन तो राजाच्या वतीनें हेग येथेंहि गेला. १९४९ सालीं, म्हातारपणीं, तो पुन्हां सेऊलला आला आणि आठवडाभरांतच तेथें वारला. त्याची समाधि त्याच शहरांत आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. हिंदुस्थानांत इंग्रजी आली ती राज्यकर्त्यांबरोबर. कोरियावर १९१० पासून १९४५ पर्यंत राज्य होतें जपानचें, आणि शाळांतून लादली गेलेली भाषा होती जपानी. त्यामुळें इंग्रजीला तेथें गुलामगिरीचा वास लागला नाहीं. १९४५ नंतर दक्षिण भागांत अमेरिकन सैन्य आलें आणि इंग्रजी येणाऱ्याला नोकरी व मान मिळूं लागला, हें खरें; तरीहि ती भाषा ‘शत्रूची’ म्हणून कोणी टाकून दिली नाहीं. कोरियन मुलाच्या मनांत इंग्रजीविषयीं राग नसतो. असते ती धास्ती.

आतां हांगुल लिपीकडे वळूं. राजा सेजोंग यानें १४४३ सालीं ही लिपि सिद्ध केली व १४४६ सालीं प्रसिद्ध केली. आज तिच्यांत १४ व्यंजनें व १० स्वर असे २४ मूळ वर्ण आहेत. वर्णमाला पाठ करीत वाढलेल्या मराठी माणसाला या लिपीची रचना ऐकून आनंदच होईल. कारण तिचीं मूळ व्यंजनें उच्चाराच्या स्थानांवरून बेतलेलीं आहेत. ‘ग’चें चिन्ह म्हणजे घशाकडे वर उचललेली जीभ, ‘न’चें चिन्ह म्हणजे दांतांमागें टेकलेली जीभ, ‘म’चें चिन्ह म्हणजे मिटलेलें तोंड. वर्ण सुटे लिहीत नाहींत. व्यंजन, स्वर आणि असल्यास शेवटचें व्यंजन असे एका चौकोनांत बसवून एक अक्षर करतात. या चौकोनांत इंग्रजी शब्द कोंबूं गेलें कीं काय होतें, तेथेंच शिक्षकाच्या कामाला आरंभ होतो.

कोरियन अक्षराच्या आरंभीं दोन-तीन व्यंजनें एकत्र येत नाहींत. इंग्रजी ‘स्ट्राइक’ हा शब्द एका दमांत, एकाच ठोक्यांत उच्चारावयाचा. कोरियन मुलगा त्याचे पांच ठोके करतो: सु-थु-रा-इ-खु. यांतला ‘उ’ आपल्या ‘उ’सारखा गोल नाहीं, ओठ सपाट ठेवून काढलेला तो एक निसटता स्वर आहे. नवखा इंग्रज शिक्षक हें ऐकून हंसतो किंवा वैतागतो. पण ‘बस्’ या साध्या शब्दाचा विचार केला तर त्यांतलें मर्म कळतें. कोरियन अक्षराच्या अंतीं सातच ध्वनि येऊं शकतात, आणि ‘स’ हा त्यांत नाहीं. शेवटीं लिहिलेला ‘स’ तेथें ‘त्’ असा बंद होतो. म्हणजे मुलानें पदरचा स्वर जोडला नाहीं तर त्याच्या तोंडून ‘बस्’ऐवजीं ‘बत्’ असें कांहीं तरी बाहेर पडेल. तो ‘बॉ-सु’ म्हणतो तो त्या ‘स’चा जीव वांचविण्यासाठीं. ज्याला आपण चूक म्हणतों ती त्याच्या भाषेच्या कायद्याप्रमाणें केलेली धडपड असते.

दुसरें उदाहरण तर संस्कृत शिकलेल्या श्रोत्यांना घरचेंच वाटेल. ‘गुड् मॉर्निंग’ हें कोरियन मुलाच्या तोंडीं ‘गुन् मोनिंग’ असें होतें. कारण त्याच्या भाषेंत बंद व्यंजनापुढें अनुनासिक आलें कीं पहिलें व्यंजनहि अनुनासिक होतें. ‘गुक्’ म्हणजे रस्सा आणि ‘मुल्’ म्हणजे पाणी, ते एकत्र आले कीं ‘गुङ्मुल्’ होतात. वाक् आणि मय मिळून वाङ्मय, जगत् आणि नाथ मिळून जगन्नाथ, हा आपल्या शाळेंतला संधि सेऊलच्या वर्गांत रोज सकाळीं ऐकूं येतो. आणि बिचाऱ्या मुलास त्याबद्दल तांबड्या शाईची रेघ मिळते.

‘एफ्’चा ध्वनि कोरियन भाषेंत नाहीं, म्हणून ‘कॉफी’ची ‘खॉफि’ होते आणि पाहुण्याला ‘कॉपी’ हवी का असें विचारल्यासारखें वाटतें. ‘झेड्’ नाहीं, म्हणून प्राणिसंग्रहालय दाखविणारा ‘झू’ हा शब्द ‘जू’ होतो. ‘र’ आणि ‘ल’ यांना वर्ण एकच; दोन स्वरांमध्यें आला तर तो ‘र’सारखा वाजतो आणि अक्षराच्या शेवटीं आला तर ‘ल’सारखा. उलट, जे भेद इंग्रजाच्या कानाला ऐकूंच येत नाहींत ते कोरियन कान अचूक टिपतो. ‘बुल्’ म्हणजे अग्नि, ‘फुल्’ म्हणजे गवत, आणि ओठ घट्ट आवळून काढलेल्या तिसऱ्या प्रकारच्या ‘प्पुल्’चा अर्थ शिंग. यांतला पहिला ‘ब’ शब्दारंभीं इतका मोकळा असतो कीं परक्याला तो ‘प’ वाटतो. म्हणूनच त्या देशाच्या मोठ्या बंदराचें नांव जुन्या नकाशांत ‘पुसान’ असें आढळतें आणि २००० सालीं रोमन लेखनाचे सरकारी नियम बदलल्यापासून ‘बुसान’ असें. ज्याचा कान इतका सूक्ष्म आहे त्याला ‘कानाचा कच्चा’ म्हणणें हा अन्याय आहे.

उच्चारांतून वाक्याकडे आलें कीं मराठी माणसाला कोरियन मुलाची अडचण अधिकच जवळची वाटूं लागते. कर्ता, कर्म आणि शेवटीं क्रियापद हा त्याच्या वाक्याचा क्रम आपल्यासारखाच. आपल्या ‘टेबलावर’मधला ‘वर’ जसा नामाच्या मागून येतो तसेच त्याचेहि प्रत्यय मागून येतात. इंग्रजींतलें ‘ए’ आणि ‘द’ यांच्याशीं त्याचा जन्मभर झगडा चालतो, जसा आपल्याकडील पुष्कळ विद्वानांचाहि चालतो. “जेवला नाहींस ना?” असें विचारल्यावर न जेवलेला कोरियन मुलगा “हो” म्हणतो, कारण विचारणाऱ्याचें म्हणणें बरोबर आहे, इंग्रज तेथें “नो” म्हणतो आणि दोघांचाहि गोंधळ होतो. मुलगा ‘माझी आई’ म्हणत नाहीं. ‘आमची आई’ म्हणतो. भावंड नसलेला मुलगाहि तसेंच म्हणतो. इंग्रज शिक्षक तें वाक्य खोडतो. मराठी शिक्षकाला त्यांत खोडण्यासारखें कांहीं दिसण्यापूर्वीं क्षणभर थांबावें लागेल.

परंतु मौनाचें खरें मूळ आदरार्थी बोलण्यांत आहे. कोरियन क्रियापदाचा शेवट समोरच्या माणसाचें वय व मान पाहून ठरतो. वडीलधाऱ्या माणसाला ‘तूं’ तर नाहींच, पण ‘तुम्ही’ असेंहि सहसा म्हणत नाहींत. त्याच्या नात्यानें किंवा हुद्द्यानें त्याला हांक मारतात. शिक्षकाला ‘सोनसेंगनिम’ म्हणावयाचें. त्याचा शब्दशः अर्थ ‘आधीं जन्मलेले’ असा आहे आणि शेवटचा ‘निम’ म्हणजे आपला ‘जी’. अशा घरांत वाढलेल्या मुलाला इंग्रजींत शिक्षकास नुसतें ‘यू’ म्हणावयास सांगणें म्हणजे पायांत जोडे घालून देवघरांत जावयास सांगणें आहे. तो वाट काढतो आणि “टीचर!” अशी हांक मारतो. इंग्रजाला ही हांक विचित्र वाटते. ‘सर’ आणि ‘बाई’ म्हणत शिकलेल्या मराठी मुलांना तिच्यांत कांहींच वावगें दिसणार नाहीं.

त्याच्या जोडीला ‘नुन्ची’ आहे. ‘नुन्’ म्हणजे डोळा. दुसऱ्याचा चेहरा पाहून प्रसंग ओळखण्याच्या शहाणपणाला हा शब्द आहे, आणि ज्याच्याजवळ तो गुण नाहीं त्याची तेथें कुचेष्टा होते. शिक्षकानें प्रश्न विचारला कीं चाळीस डोळे आधीं एकमेकांकडे वळतात. सर्वांच्या पुढें उठून बरोबर बोललें तर शेजाऱ्याला खालीं पाहावें लागतें, चूक बोललें तर आपल्याला. मग गप्प बसणें हेंच सभ्यपणाचें ठरतें. “समजलें का?” या प्रश्नाला सारा वर्ग “हो” म्हणतो, त्या होकाराचा अर्थ “आपण बोलत राहावें” एवढाच असतो.

या मुलांना परीक्षा काय शिकविते? ४५ प्रश्न, ७० मिनिटें. त्यांतले १७ प्रश्न ऐकून उत्तर देण्याचे आणि बाकीचे वाचून. तोंड एकदांहि उघडावें लागत नाहीं. उताऱ्यांची काठिण्यपातळी अशी कीं इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे अशीं शिकलेलीं माणसेंहि कित्येक ठिकाणीं अडखळतात. एकमेकांशीं तुलना करून श्रेणी देण्याऐवजीं ठराविक गुणांवर श्रेणी देण्याची पद्धति नोव्हेंबर २०१७ च्या परीक्षेपासून इंग्रजीला लागू झाली. हेतु हा कीं, चढाओढ कमी व्हावी. हेतु चांगला होता. चढाओढीनें त्याला फारशी दाद दिली नाहीं.

त्या चढाओढीचें घर म्हणजे ‘हागवोन’, अर्थात् खासगी शिकवणीवर्ग. १९८० सालीं तेथील लष्करी राजवटीनें खासगी शिकवण्यांवर बंदी घातली. श्रीमंतांच्या घरीं त्या चोरून चालूच राहिल्या. २००० सालीं घटनान्यायालयानें ती बंदी घटनाविरुद्ध ठरविली. आज सेऊल शहरांत रात्रीं १० नंतर हे वर्ग चालवूं नयेत असा नियम आहे. लहान मुलांच्या झोंपेसाठीं सरकारला नियम करावा लागतो यावरूनच काय तें समजावें. सरकारी प्राथमिक शाळांत तिसऱ्या इयत्तेपासून इंग्रजी सुरू झालें १९९७ सालीं. ऐपत असलेल्या घरांतलें मूल त्याच्या कितीतरी आधीं हागवोनमध्यें जाऊन बसतें. आणि ज्यांची ऐपत याहूनहि मोठी, किंवा ज्यांची हौस ऐपतीपेक्षां मोठी, अशीं कुटुंबें आई व मुलें यांना इंग्रजी बोलणाऱ्या देशांत पाठवितात आणि बाप एकटा मागें राहून पैसे धाडतो. अशा बापाला कोरियन लोक ‘रानहंस बाप’ म्हणतात. वर्षांतून एकदोनदां तो उडत जाऊन पिलांना भेटून येतो. लग्नांत वधूवरांच्या एकनिष्ठेचें चिन्ह म्हणून लांकडी हंसांची जोडी देण्याची त्या देशांतली जुनी चाल आहे. त्याच पक्ष्याचें नांव या ताटातुटीला मिळावें हें मन विषण्ण करणारें आहे.

मुलें बोलत नाहींत हें सरकारच्याहि ध्यानांत आलें. १९९५ सालीं एक योजना काढून ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे अशा परदेशी शिक्षकांना सरकारी शाळांत आणण्यास आरंभ झाला. अमेरिका, इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड व दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांनाच त्यासाठीं परवाना मिळतो. वर्गांत तो परदेशी शिक्षक आणि एक कोरियन शिक्षक अशी जोडी उभी राहते. जोडी जमली तर धडा फार सुंदर होतो. न जमली तर परदेशी शिक्षक बोलणारी ध्वनिमुद्रिका होऊन बसतो. त्यानें शब्द उच्चारावयाचा, मुलांनीं तो घोकावयाचा. अशा शिक्षकाच्या अंगीं मुलांविषयीं ममता पुष्कळदां असते. पण ‘सु-थु-रा-इ-खु’ कां होतें हें त्याला माहीत नसतें, कारण त्याला कधीं कोणती परकी भाषा अशी रडतखडत शिकावी लागलेली नसते.

याच कारणासाठीं भारत व कोरिया यांच्यामध्यें २००९ सालीं झालेला आणि १ जानेवारी २०१० पासून अंमलांत आलेला व्यापारी करार लक्षांत घेण्यासारखा आहे. त्या कराराप्रमाणें शिक्षणाची अर्हता असलेल्या भारतीयांना कोरियन शाळांत इंग्रजीचे सहायक शिक्षक म्हणून काम करतां येतें. इंग्रजी शाळेंत जाऊन शिकलेला, क्रियापद शेवटीं ठेवणाऱ्या भाषेंत वाढलेला आणि वडिलांपुढें जपून बोलणारा माणूस त्या वर्गांत उभा राहिला तर मुलाची अडचण त्याला समजावून सांगावी लागणार नाहीं. तेथील पालकांना मात्र पारपत्राचा रंग अजून अधिक पटतो.

कोरियन शिक्षकांतहि उत्तम माणसें आहेत, आणि खरें काम बहुधा त्यांच्याच हातून होतें. असा शिक्षक वर्गाला एकदम प्रश्न विचारीत नाहीं. तो आधीं दोन मिनिटें उत्तर लिहावयास देतो, मग शेजाऱ्याला हळूच वाचून दाखवावयास सांगतो, आणि त्यानंतरच उभें करतो. तोंवर चूक एकट्याची राहिलेली नसते, दोघांची झालेली असते. ‘स्ट्राइक’साठीं तो टाळी वाजवितो, एकच टाळी, आणि त्या टाळींत सबंध शब्द बसवून दाखवितो, मुलें हंसतात व बसवितात. मुलांच्या तोंडीं असलेल्या ‘कोरियन इंग्रजी’ची तो थट्टा करीत नाहीं. दुकानदारानें फुकट दिलेल्या जिनसेला तेथें ‘सर्व्हिस’ म्हणतात, आणि परीक्षेंत दुसऱ्याचें पाहून लिहिण्याला, जपानींतून आलेला, ‘कनिंग’ हा शब्द आहे. आपल्याकडे तिलाच ‘कॉपी’ म्हणतात. इंग्रजाला दोन्ही सारखेच कोड्यांत टाकणारे. हे शब्द घरीं ठेवावे आणि बाहेर जातांना दुसरे घ्यावे, एवढेंच तो सांगतो.

आणि ‘ल’साठीं त्याची एक युक्ति आहे. कोरियन लिपींत तोच वर्ण लागोपाठ दोनदां आला, एका अक्षराच्या शेवटीं आणि पुढच्याच्या आरंभीं, कीं त्याचा स्वच्छ ‘ल’ होतो. ‘र’ व ‘ल’ यांत घोटाळणाऱ्या मुलाला तो जीभ कोठें टेकावयाची याचें इंग्रजींत व्याख्यान देत नाहीं. फळ्यावर हांगुलमध्यें तो वर्ण दोनदां लिहितो आणि म्हणतो, “हें वाच.” मुलगा वाचतो. मग शिक्षक त्याच्या शेजारीं इंग्रजी शब्द लिहितो आणि सांगतो कीं, हा ध्वनि तुझ्याजवळ लहानपणापासून होता.